ओहोटी बघून गाडी काढा: बेळगावकडून उन्हाळ्यात खडकाळ किनाऱ्यावर जाताना

मे महिन्याची सुट्टी लागली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगडकडच्या गाड्या घाट उतरायला लागतात. समुद्र आपल्याला तीन-चार तासांवर. बहुतेक घरांत बेत ठरतो तो रविवार कधी, गाडी कुणाची आणि जेवायला कुठे यावर. नाष्टा उरकून आठला निघायचं, बारा वाजता पोचायचं. वाळूच्या किनाऱ्यावर हे कसंबसं निभतं. खडकाळ किनाऱ्यावर नाही निभत. भरतीला कातळ पाण्याखाली असतो, पाय ठेवायला जागा नसते, वर डोक्यावर ऊन आणि मागे तापलेला सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. दोन तास गाडीत एसी लावून बसायचं आणि परत फिरायचं, एवढंच हाती लागतं.

तोच कातळ ओहोटीला सकाळी नऊ वाजता बघितला तर वेगळाच असतो. जांभ्याच्या खळग्यांत पाणी साचलेलं, त्यात खेकडे, शंख, समुद्रफुलं, बोटाएवढे मासे. मुलं तासन्‌तास हलत नाहीत. म्हणून आधी पाण्याची वेळ बघायची, मग तारीख ठरवायची आणि गाव सगळ्यात शेवटी.

तारीख कशी निवडायची

समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात आणि रोज ही वेळ सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरची माणसं यासाठी तिथीचा हिशेब वापरतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ, तीत सहा तास मिळवले की ओहोटी. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती आणि पावणेदहाच्या सुमाराला ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. मालवण-गोव्याकडे प्रत्यक्ष वेळ या हिशेबापेक्षा बरेचदा अर्धा-पाऊण तास आधी येते, त्यामुळे हा अंदाजच समजायचा. नक्की वेळ त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या. मालवण, मुरगाव आणि कारवार यांचे तक्ते मोबाइलवर मिळतात. जवळच्या बंदराचा तक्ता धरा. मुंबईचा धरलात तर वेळही चुकेल आणि उंचीही.

वेळेइतकीच उंची महत्त्वाची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते, आपल्याकडच्या किनाऱ्यावर दोन्हींत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा फरक जेमतेम मीटरभर. तक्त्यात ओहोटीची उंची ०.५ मीटर किंवा त्याखाली दिसली तर डबकी छान उघडी पडतात. एक मीटरच्या जवळ असेल तर खालचा, खरा बघण्यासारखा पट्टा पाण्यातच राहतो. दिवसाच्या दोन ओहोट्याही सारख्या खोल नसतात, म्हणून दोन्हींचे आकडे बघा.

आता हे उन्हाशी जुळवून बघू. सकाळी लवकर निघून दुपारच्या आत कातळावरून बाहेर पडायचं असेल तर चतुर्थी ते षष्ठी हे दिवस सगळ्यात सोयीचे. ओहोटी साधारण आठ ते दहाच्या दरम्यान येते आणि उधाणाचा जोर अजून पुरता ओसरलेला नसतो. वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी, ती प्रत्येक घरच्या कॅलेंडरवर ठळक छापलेली असते, तिथून पुढचे दोन दिवस धरले की झालं. (संकष्टीच्याच दिवशी गेलात तर उपवास असणाऱ्यांचं मालवणी जेवण हुकतं, हे आधी घरात बोलून घ्या.) मुक्कामाला जाणार असाल तर त्रयोदशी ते पौर्णिमा बघा, तेव्हा ओहोटी दुपारी साडेतीन ते पाचच्या आसपास येते. अष्टमी-नवमी मात्र टाळा. त्या दिवशी ओहोटी ऐन दुपारी येते, तीही उथळ.

रविवार आणि तिथी जुळत नसेल तर तो रविवार सोडून पुढचा बघा, दोन आठवड्यांनी मात्र चक्र जवळपास पुन्हा तिथेच येतं. एप्रिलच्या सुरुवातीपासून मेच्या मध्यापर्यंतचा काळ बरा. मेच्या शेवटच्या आठवड्यात नैर्ऋत्येकडून लाटांचा जोर वाढायला लागतो, सिंधुदुर्ग किल्ल्याकडची होडीवाहतूक बंद होते आणि १ जूनपासून मासेमारीबंदी सुरू होते. होड्या ओढून वर घेतलेल्या दिसल्या की कातळाच्या कडेला जाण्याचे दिवस संपले असं समजावं. निघायच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेने उंच लाटांचा इशारा दिला आहे का तेही बघून घ्या. आभाळ निरभ्र असताना आणि वारा पडलेला असतानाही दूरच्या समुद्रात तयार झालेल्या मोठ्या लाटा किनाऱ्यावर येतात.

कुठला किनारा, कुठला घाट

बेळगाव शहरातून दोन सरळ वाटा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी, डिचोली, म्हापसा करत हणजूण आणि वागातोर. हणजूणचा किनारा खडकाळच आहे, ओहोटीला कातळाचा पट्टा चांगला उघडा पडतो. दुसरी वाट शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी करत वेंगुर्ल्याला. इथे वेंगुर्ल्याच्या बंदराजवळचे खडक, दक्षिणेला रेडी, उत्तरेला निवती. निवतीला वाळू, कातळ आणि किल्ला एकाच ठिकाणी मिळतात, लहान मुलं बरोबर असतील तर हा किनारा चांगला. दोन्हीकडे तीन ते साडेतीन तास धरा. मालवणच्या रॉक गार्डनकडे जायचं तर चार.

निपाणीकरांना राधानगरी, फोंडा घाट करत देवगड आणि कुणकेश्वर जवळ. खानापूर-लोंढ्याकडच्यांना अनमोड घाटाने दक्षिण गोवा. कारवारला जाणार असाल तर माजाळीजवळच्या तिळमातीला जा. तिळासारखी काळी वाळू, दोन्ही बाजूंना खडक, आणि तिथवर टेकडीवरून चालतच जावं लागतं. म्हणजे पाणी आणि सावली दोन्ही आपल्याबरोबर न्यायची. वयस्क माणसं सोबत असतील तर तिळमाती नको.

साडेनऊची ओहोटी असेल तर किनाऱ्यावर आठच्या आत असायला हवं, कारण उतरत्या पाण्यामागे कातळावर उतरणं सगळ्यात सुरक्षित. म्हणजे बेळगावातून साडेचारला गाडी बाहेर. घाट अंधारात किंवा धुक्यात लागेल. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, सारखा ब्रेकवर पाय ठेवू नका. भरलेल्या गाडीचे ब्रेक तापले की पायाखाली मऊ लागतात आणि जळका वास येतो. तसं झालं तर रुंद जागी वीस मिनिटं थांबा, चाकावर पाणी ओतू नका. गाडी लागणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि घाटाआधी पोटभर खायला देऊ नका. घाटांची दुरुस्ती, अवजड वाहनांची बंदी हे वारंवार बदलतं, त्यामुळे आदल्या दिवशी चौकशी करा.

आपल्याला तिथलं ऊन का झेपत नाही

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. मेमध्ये इथेही तापतं, पण हवा कोरडी असते, घाम सुकतो आणि अंग गार होतं. किनाऱ्यावर तापमानाचा आकडा कधी इथल्यापेक्षा कमीही असतो, ३३-३४ अंश. पण हवेत आर्द्रता ७० टक्क्यांच्या घरात असते. घाम येतो आणि अंगावरच राहतो. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता यांचा शरीराला जाणवणारा ताप ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यात अकरानंतर समुद्रावरून वारा सुटतो, बरं वाटतं, आणि आपण तापलो आहोत हेच लक्षात येत नाही. चक्कर येते तेव्हा उशीर झालेला असतो.

दुसरी गोष्ट सूर्याची. आपल्या आणि समोरच्या किनाऱ्याच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य थेट डोक्यावर येतो, उभ्या खांबालाही सावली उरत नाही. उंच खडकाच्या आडोशाला बसू म्हणून गेलात तर त्या वेळी आडोसा मिळत नाही. काळसर ओला कातळ सुकला की असा तापतो की तळहात ठेववत नाही. पाणी आणि ओला खडक यांवरून ऊन खालूनही चेहऱ्यावर येतं, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकाखाली त्वचा भाजते. टोपी असूनही.

म्हणून साडेदहा-अकराला कातळ सोडायचा, साडेतीनपर्यंत सावलीत राहायचं. शिरोडा-वेळागरला सुरूचं बन आहे, इतरत्रही किनाऱ्यामागे सुरू किंवा माड सापडतात. माडाखाली बसताना वर नारळ आहेत का बघून बसा. मोठी छत्री खडकात रोवता येत नाही आणि वाळूत रोवली तर दुपारच्या वाऱ्याने उडते. दोन झाडांना बांधलेली सुती चादर जास्त कामाची. गाडीत कुणाला, विशेषतः मुलांना आणि झोपलेल्या म्हाताऱ्या माणसांना, ठेवून जाऊ नका. बंद गाडी दहा मिनिटांत दहा अंशांनी तापते.

काय न्यायचं

पाणी सगळ्यात आधी. पूर्ण दिवसासाठी मोठ्या माणसाला ३ ते ४ लिटर, मुलाला २ लिटर. पाच जणांच्या गाडीत २० लिटरचा जार आणि प्रत्येकाची एक बाटली. बाटल्या प्लास्टिकच्या किंवा स्टीलच्या घ्या, काचेच्या नकोत. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट. नुसतं पाणीच पीत राहिलं तर घामावाटे गेलेलं मीठ भरून येत नाही आणि पोटऱ्यांत गोळे येतात. ओआरएसची पाकिटं घ्या, नाहीतर घरीच करा: १ लिटर पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मिठाचं प्रमाण अंदाजाने वाढवू नका. मीठ घातलेलं ताक आणि कोकम सरबतही चांगलं. बाजारातली रंगीत थंड पेयं याला पर्याय नाहीत.

खाणं असं घ्या की जे उन्हात टिकेल. भाकरी, शेंगाचटणी, झुणका, काकडी, भडंग, चिरमुरे, केळी. दहीभात घ्यायचा असेल तर दूध जास्त आणि दही अगदी थोडं घालून कालवा, दहा वाजेपर्यंत तो नीट लागतो. बाराला काढलात तर आंबलेला असेल. कुंदा बेळगावातच ठेवा. खव्याचा पदार्थ तापलेल्या डिकीत सहा तास ठेवून मुलांना द्यायचा नसतो.

गॅस आणि भांडी घेऊन किनाऱ्यावर जेवण करायची आपल्याकडच्या मोठ्या गटांची पद्धत आहे. गोव्यात ती सोडून द्या. तिथे पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणं आणि दारू पिणं कायद्याने बंद आहे आणि दंड होतो. सिंधुदुर्गातही कातळावर सांडलेलं तेल आणि फुटलेली बाटली ज्याच्या पायात जाते तो तिथलाच मच्छीमार असतो.

कपडे पूर्ण बाह्यांचे, सैल, लवकर सुकणारे. जीन्स ओली झाली की जड होते आणि मांड्या सोलतात. साडी किंवा घोळदार परकर नेसून कातळावर उतरू नका. ओलं कापड पायात अडकतं, आणि पाण्यात पडल्यास पाय हलवताच येत नाही. आजीला सावलीत बसायचं असेल तर साडी चालेल, कातळावर यायचं असेल तर सलवार. टोपी गोल कडेची, हनुवटीखाली बांधता येणारी. पुढेच कड असलेल्या टोपीने कान आणि मान भाजतात. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, उन्हात जायच्या वीस मिनिटं आधी. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढं, आणि दर दोन तासांनी किंवा भिजल्यावर पुन्हा. कान, पायांची वरची बाजू आणि गुडघ्यामागचा भाग बहुतेक जण विसरतात.

बूट हा या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा खर्च, आणि तोही जुना बूट चालतो. हवाई चप्पल घालून कातळावर जाऊ नका. ओल्या शेवाळावर ती सरकते आणि खाचेत अडकली की पाय निघतो, चप्पल राहते. अनवाणी तर मुळीच नको. नाडीचे जुने कॅनव्हास किंवा खेळाचे बूट घ्या, रबरी तळवा मऊ आणि खाचा शिल्लक असलेला. तळवा झिजून गुळगुळीत झाला असेल तर तो बूट कामाचा नाही. मुलांना मागे पट्टा असलेले रबरी सँडल.

औषधाच्या डब्यात जंतुनाशक, बँडेज, बारीक चिमटा, नेलकटर, ओआरएस. आणि एक लिटरचा थर्मास भरून गरम पाणी. चहासाठी न्यायचाच असेल तर एक जास्तीचा घ्या, का ते पुढे येईल. १५ मीटर दोरी आणि झाकण घट्ट लागणारा तेलाचा ५ लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन. कॅनला दोरी बांधली की पाण्यात पडलेल्या माणसाकडे फेकायला तरंगतं साधन तयार. रिकामा कॅन वाऱ्याने भरकटतो म्हणून त्यात तांब्याभर पाणी घाला.

कातळावर उतरण्याआधीची वीस मिनिटं

पोचल्यावर मुलं धावत सुटतात. त्यांना थांबवा. उंच, कोरड्या जागी उभं राहून वीस मिनिटं फक्त लाटा बघा. लाटा सारख्या येत नसतात. बराच वेळ लहान लहान येतात आणि मग एकामागोमाग तीन-चार मोठ्या येतात. पाच मिनिटं बघून निर्णय घेणाऱ्याने मोठ्या लाटांचा घोळका बघितलेलाच नसतो. सगळ्यात मोठ्या लाटेचं पाणी कुठवर उडालं ती खूण मनात धरा आणि तिच्या वरच वावरा.

नंतर खडकाचे रंग बघा. कातळावर रंगांचे आडवे पट्टे असतात आणि ते वाचता आले की कुठे पाय ठेवायचा ते आपोआप कळतं. सगळ्यात वर फिकट, कोरडा, खरखरीत जांभा. इथे पाय घट्ट बसतो. त्याखाली काळसर, चकचकीत पापुद्र्याचा पट्टा. कोरडा असताना काही वाटत नाही, पण शिंतोडे पडले की बर्फासारखा निसटतो. त्याखाली पांढुरके, दातेरी कवच चिकटलेले खडक, म्हणजे बार्नेकल आणि कालवं. इथे बूट घसरत नाही, पण पडलात तर तळहात आणि गुडघे ब्लेडने कापल्यासारखे कापतात. सगळ्यात खाली हिरवं आणि तपकिरी शेवाळ. तिथे पाय टेकवताच येत नाही, बघायचं ते वरच्या खडकावर बसून.

जांभ्याचा एक स्वभाव लक्षात ठेवा. लाटा तो खालून पोखरतात. वरून सपाट ओट्यासारखी दिसणारी कड खाली पोकळ असते. फोटोसाठी कडेवर उभं राहणाऱ्यांच्या पायाखालून ती निखळते. कडेपासून दोन मीटर आत राहा.

चालायचं कसं

१. उतरत्या पाण्याच्या मागे, तक्त्यातल्या ओहोटीच्या वेळेआधी दीड-दोन तास उतरायला सुरुवात करा.

२. तोंड समुद्राकडे. पाठ फिरवून डबक्यात वाकायचं असेल तर गटातल्या एकाने उभं राहून पाण्यावर नजर ठेवायची. दर पंधरा मिनिटांनी माणूस बदला.

३. पूर्ण तळवा टेकवा, गुडघे थोडे वाकवा, पावलं आखूड. एका खडकावरून दुसऱ्यावर उडी नाही.

४. दोन्ही हात मोकळे. मोबाइल खिशात, पाण्याची बाटली पाठीवर.

५. दोन मुलांमागे एक मोठा माणूस, आणि तो मोठा माणूस फोटो काढणारा नको.

६. ओहोटीची वेळ झाली की मोबाइलवर गजर वाजेल असं करा. गजर झाला की परतीला लागा, मग कितीही सुंदर काही सापडलेलं असो.

सहावा मुद्दा मोडला की माणसं अडकतात, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. ओहोटीनंतर पाणी एकसारखं चढत नाही. दोन मीटरची भरती धरली तर पहिल्या तासात ते जेमतेम १७ सेंटिमीटर चढतं. समोर काही बदललेलं दिसत नाही, म्हणून "अजून वेळ आहे" असं वाटतं. दुसऱ्या तासात ३३. तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ५० सेंटिमीटर. आणि पाणी समोरून येत नाही, आधी बाजूच्या घळींतून मागे शिरतं. आपण उंच खडकावर बसलेलो असतो, कोरडे, निवांत, आणि मागच्या वाटेवर कंबरभर पाणी आलेलं असतं. म्हणून येताना ओलांडलेली प्रत्येक घळ लक्षात ठेवा. संध्याकाळच्या ओहोटीला गेलात तर हे वेगाचे तास अंधारात येतात. सूर्य बुडायच्या आत वाळूवर या.

डबक्यात बघायचं काय

घाई करणाऱ्याला डबकं रिकामं दिसतं. आपली सावली पाण्यावर पडणार नाही असं बसा आणि पाच मिनिटं हलू नका. आधी शंख चालायला लागतात. नीट बघितलं तर त्यांतल्या काहींना पाय असतात, ते रिकाम्या शंखात राहणारे खेकडे. मग खडकाच्या भेगेतून खराखुरा खेकडा एक नांगी बाहेर काढतो, थांबतो, दुसरी काढतो. वाळूच्या रंगाचे मासे इतका वेळ समोरच असतात, हलल्यावरच दिसतात. पाण्याखालच्या बार्नेकलचं टोक उघडतं आणि आतून केसांसारखा पंखा बाहेर येतो, पाणी ओढतो, आत जातो, पुन्हा येतो. समुद्रफुलं पाण्यात उमललेली असतात आणि पाण्याबाहेर मिटून लिबलिबीत गोळ्यासारखी दिसतात, त्यांच्यावर पाय देऊ नका.

दगड उलटून बघायचा असेल तर हळू उचला आणि जसा होता तसाच परत ठेवा. खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात दहा मिनिटांत मरतात. खेकडे बाटलीत भरून बेळगावला आणू नका, ते घाटही चढत नाहीत. शंकूच्या आकाराचा, नक्षीदार शंख कितीही देखणा असला तरी हातात घेऊ नका. त्यातल्या गोगलगायीला विषारी काटा असतो आणि ती शंखाच्या कुठल्याही बाजूला तो पोचवू शकते. प्रवाळाचा तुकडा उचलणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मालवणचा समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

पोहायचं असेल तर

खडकाजवळ पोहू नका. खडक आणि वाळू जिथे मिळतात तिथे लाटांनी वर आलेलं पाणी खडकाच्या कडेकडेने परत समुद्राकडे वाहतं. वरून तो पट्टा शांत, कमी लाटांचा दिसतो, म्हणून नवखे नेमके तिथेच उतरतात. विहिरीत, मलप्रभेच्या किंवा घटप्रभेच्या डोहात पोहता येणाऱ्यालाही तो प्रवाह आत ओढून नेतो. १५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले आठजण बुडाले, ते याच सुट्टीच्या दिवसांत. पाणी घोट्याच्या वर घ्यायचं असेल तर जीवरक्षक असलेल्या वाळूच्या किनाऱ्यावर, बावट्यांच्या मध्ये. लाल बावटा असेल तर पाय भिजवून परत.

प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करा, किनाऱ्याला समांतर, खडकापासून लांबच्या बाजूला सरका. बाहेरच्यांनी मागोमाग उडी घेऊ नये. कॅन आणि दोरी फेका, आणि स्थानिक मच्छीमारांना हाक द्या. "इथे उतरू नका" असं एखाद्या गावकऱ्याने सांगितलं तर वाद न घालता ऐका.

लागलं, चावलं, चक्कर आली तर

कालवाने कापलं तर जखम साधी दिसते, पण आत कवचाचे कण राहतात आणि दोन दिवसांत पिकते. पिण्याच्या पाण्याने भरपूर धुवा, कण चिमट्याने काढा, जंतुनाशक लावा, त्या दिवशी पुन्हा समुद्राच्या पाण्यात जाऊ नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं आहे ते आठवा आणि डॉक्टरांना विचारा.

समुद्री साळिंदराचा काटा, पाकट या चपट्या माशाची नांगी किंवा विषारी माशाचा काटा लागला तर थर्मासचं पाणी काढा. त्यांचं विष उष्णतेने निकामी होतं. साधारण ४५ अंशांचं, सोसवेल इतकं गरम पाणी करून जखमी भाग त्यात ३० ते ९० मिनिटं बुडवा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने तपासा. दुखऱ्या पायाला अंदाज येत नाही आणि भाजतं. मग दवाखाना.

जेलीफिश लागली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही. चिकटलेले धागे चिमट्याने अलगद काढा. वाळूने चोळू नका, चोळल्याने उरलेलं विष बाहेर पडतं. धाप लागली किंवा ओठ-चेहरा सुजला तर थांबू नका, दवाखाना गाठा.

उन्हाचं तर आधी ओळखा. पोटऱ्यांत गोळे, डोकं दुखणं, मळमळ, भरपूर घाम: सावलीत आडवं करा, पाय थोडे वर, कपडे सैल, अंगावर ओलं कापड आणि वारा, ओआरएस घोटघोट. अर्ध्या तासात बरं वाटायला हवं. माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या देऊ लागला, अंग भट्टीसारखं तापलं तर तो उष्माघात. तेव्हा तोंडातून काही देऊ नका, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतत राहा, पंख्यासारखा वारा घाला आणि १०८ ला फोन करा. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक तिन्हीकडे हाच क्रमांक चालतो, पोलिसांसाठी ११२. फोनवर किनाऱ्याचं आणि वाडीचं नाव सांगावं लागतं, म्हणून पोचल्यापोचल्या कुणाला तरी विचारून ते पाठ करून ठेवा.

परतीला

मिठाचं पाणी अंगावर तसंच ठेवून गाडीत बसलात तर घाट चढेपर्यंत मांड्या आणि काखा चुरचुरतात. जारमधलं पाच लिटर पाणी अंग धुण्यासाठी राखून ठेवा, बूटही त्यातच विसळा. चालवणाऱ्याने दुपारी तासभर झोप काढलेली असावी. उन्हात थकलेला माणूस संध्याकाळच्या घाटात डुलक्या घेतो. मेमध्ये आपल्याकडे दुपारनंतर वळीव येतो. पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ भिजून घाट निसरडा होतो, तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट ठेवा. साडेतीनला किनारा सोडलात तर वळणांचा भाग उजेडात संपतो.

घरी पोचल्यावर रात्री झोपण्याआधी प्रत्येकाच्या लघवीचा रंग विचारा, मुलांच्याही. गडद पिवळा असेल तर अजून पाणी कमी आहे. झोपताना दोन पेले ताक द्या.